भटूभाऊंच्या खोलीतलं मीठ

बत्तीस वर्षं मी लोकांच्या घरांना खिडक्या बसवते आहे, आणि त्यातली निदान वीस वर्षं लोकांना खिडक्या बंद ठेवायला सांगण्यात गेली. आमच्या घरात यावर भरपूर थट्टा चालते. माझा भाऊ म्हणतो, हिच्याकडून खिडकी घेतली की ती उघडायची परवानगी हिच्याकडेच मागावी लागते. भाऊ बँकेत होता, त्याला ऊन फक्त पार्किंगपर्यंत माहीत.

धुळ्यात आमचं काचेचं दुकान होतं. आरसे, फोटोफ्रेम, शोकेसच्या काचा. वडिलांनी मला नववीत असताना काच कापायला शिकवलं. हिऱ्याची कलम एकदाच ओढायची, दुसऱ्यांदा तिथून फिरवली की काच हवी तशी फुटत नाही, हा त्यातला सगळा धडा. वडिलांनंतर दुकान मी घेतलं. पहिली काही वर्षं गिऱ्हाईक आत येऊन विचारायचं, "मालक कुठे गेले?" मी म्हणायचे, "जेवायला," आणि कलम ओढायचे. काच सरळ तुटलेली बघितली की पुढचा प्रश्न यायचा नाही. पुढे काचेबरोबर चौकटी आल्या, चौकटींबरोबर अख्ख्या खिडक्या आल्या, आणि खिडक्यांच्या मागे मागे आली ती आमच्या खानदेशातली गरमी.

मार्च संपला की माझा फोन सुरू होतो. "ताई, वरच्या मजल्यावर बसवत नाही." "ताई, एसी लावला तरी भिंत भाजते." या लोकांची घरं पाडून नवी बांधता येत नाहीत. आहे त्याच घरात, माणसं राहत असताना, चार ठिकाणी हात घालून ते राहण्याजोगं करायचं, हा माझा धंदा.

सुरुवातीला मी चुकाही मोठ्या केल्या. दोंडाईच्याच्या एका शेठजींनी सुरतेत कुठेतरी काचेची इमारत पाहिली होती. त्यांना दुकानावरच्या घराला पश्चिमेकडून अख्खी काच हवी होती. पश्चिमेकडून, दोंडाईच्यात. मला तेव्हाही कळत होतं, पण काम मोठं होतं आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणायला मी शिकले नव्हते. मी काच लावून दिली. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी तिच्यावर वर्तमानपत्रं चिकटवली, दुसऱ्या उन्हाळ्यात थर्माकोल, तिसऱ्या उन्हाळ्यात त्या खोलीत मिरच्या वाळत घातल्या. शेवटी मीच जाऊन ती काढली आणि दुहेरी काचेच्या दोन लहान खिडक्या बसवून त्यांना बाहेरून झडपा दिल्या. शेठजी खूश झाले. फक्त नव्या काचेवरचा कंपनीचा कागद त्यांनी दोन वर्षं काढू दिला नाही. लोकांना कळलं पाहिजे म्हणाले, की काच साधी नाही.

धंदा काय असतो तो सोप्या शब्दांत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. घर दोन वाटांनी तापतं. एक वाट काचेची आणि फटींची. ऊन काचेतून आत येतं, गरम वारा फटीतून. तिथे दुहेरी काच, बाहेरून सावली आणि घट्ट बसणारी चौकट लागते. दुसरी वाट भिंतींची आणि छताची, आणि ती जास्त लबाड. पारोळ्याच्या किल्ल्याची जाड भिंत मे महिन्याच्या दुपारी आतून हात लावून बघा, गार लागते. तीच भिंत रात्री नऊला कोमट असते. दिवसभराचं ऊन ती पोटात ठेवते आणि सावकाश सोडते. जुन्या धाब्याच्या घरांच्या छतावरची माती हेच करायची. आपण माती काढली, सिमेंटचा स्लॅब टाकला, आणि तो दुपारी तीनलाच घाम फोडायला लागला.

आता घरात किल्ल्याची भिंत आणून बसवता येत नाही. म्हणून हल्ली पाट्या मिळतात, पोथीएवढ्या जाड, प्लास्टिकच्या, आत एक खार भरलेला. आम्ही त्याला मीठच म्हणतो, पण ते खायचं नव्हे. तूप थंडीत थिजतं आणि गरमीत पातळ होतं, तसं हे मीठ साधारण एकोणतीस अंशांना वितळतं. वितळताना ते खोलीतली उष्णता पिऊन घेतं. पाटीतलं सगळं मीठ पातळ होईपर्यंत खोली फारशी तापत नाही. किल्ल्याच्या भिंतीचं काम दोन बोटांच्या पाटीत होतं. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा दोन दिवस दुकानात कुणाशी नीट बोलले नाही, इतकी त्या मिठाच्या प्रेमात पडले होते.

अशातच पारोळ्याहून भटूभाऊंचा फोन आला.

भटूभाऊ म्हणजे एकेकाळचे कापसाच्या गाड्या भरणारे. जिनिंगला जाणाऱ्या ट्रकवर कापूस दोन मजले उंच रचतात. तसा रचताना ते वरून मानेवर पडले. वय तेव्हा एकोणतीस, लग्न ठरायच्या बेतात होतं. छातीखालचं शरीर गेलं. हात थोडे हलतात, बोटं वळत नाहीत. मोबाइल बोटाच्या पेराने दाबून चालवतात. फोनवर त्यांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "ताई, मीठ भरेल पाट्या तुम्हीच लावतस ना?" असं थेट विचारलं. मीठ किती अंशांना वितळतं, किती वर्षं टिकतं, स्लॅबला चिकटवायचं की खाली लोंबतं ठेवायचं, सगळं त्यांनी वाचलेलं होतं. माझी परीक्षाच घेतली म्हणा.

मी घर बघायला गेले. गल्लीतलं एकमजली घर, वर उघडी गच्ची, खाली दोन खोल्या. घरात भटूभाऊ आणि त्यांची सत्तरीची आई. आईला सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही तेच म्हणू लागले. भटूभाऊंची खाट पश्चिमेच्या भिंतीला, खिडकी लोखंडी पत्र्याची, वर सहा इंचांचा स्लॅब. माझ्या मनात आलं, तापवायची म्हणून बांधली असती तरी खोली याहून चांगली तापली नसती.

"आठे एप्रिलमा खोली पेटस," भटूभाऊ म्हणाले. आमच्या बोलीत आठे म्हणजे इथे. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. मणका वरून तुटला की खालच्या शरीराला घाम येत नाही. घाम नाही म्हणून अंग गार होत नाही. तुम्हाआम्हाला नुसतं उकडतं, तिथे त्यांना ताप चढतो, डोळे फिरतात. एसी घेतला होता, पण ऐन दुपारी वीज जाते आणि इन्व्हर्टर एसी ओढत नाही. म्हणून दर वर्षी पाडवा झाला की जीप करून त्यांना नाशिकला बहिणीकडे न्यायचं आणि पाऊस पडला की परत आणायचं. सात वर्षं हेच चाललं होतं.

"मग नाशिकला बरं असेल की," मी म्हणाले.

"बरंच शे. पन तठे मी पाव्हना शे, ताई. सात वरीसना पाव्हना." मग म्हणाले, "आन आखाजीले मनी बहीन माहेरले येत नही. कशी येई? तिनं माहेर तिनाच घर जाई पडेल ऱ्हास."

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. बाकीकडे ती सोनं घ्यायचा दिवस असेल, आमच्याकडे ती लेकींची. सासरी गेलेली पोर आखाजीला माहेरी येते, झाडाला झोका बांधते, गाणी म्हणते, सांजोऱ्या खाते आणि चार दिवस कुणाचं ऐकत नाही. जिचं म्हातारपण आलं तीही या दिवसांत पोर होते. मंगलाबाई, म्हणजे भटूभाऊंची थोरली बहीण, सात वर्षं आली नव्हती. ऐन आखाजीच्या दिवसांत भाऊ तिच्या घरी खाटेवर असायचा आणि दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागायची, रात्रीसुद्धा. नाही तर पाठीला जखमा होतात.

"यंदा ती इथे आली पाहिजे," भटूभाऊ म्हणाले. हे वाक्य त्यांनी शुद्ध मराठीत म्हटलं, अर्ज करावा तसं.

मी काम घेतलं. तिथून पुढचे पंधरा दिवस मी आयुष्यात केलेल्या कामांतलं सर्वांत देखणं काम केलं, असं माझं मत होतं. गच्चीला पांढरा रंग दिला. स्लॅबच्या खाली बोटभर जागा सोडून पाट्या टांगल्या. पत्र्याची खिडकी काढून दुहेरी काचेची बसवली, समोरच्या भिंतीत दुसरी लहान खिडकी फोडली, दोन्हींना बाहेरून झडपा आणि आतून गज. चौकटीच्या कडेने रबर असं बसवलं की उदबत्तीचा धूर खिडकीपाशी धरला तर हलेना. एक छोटा पंखा बसवला, तो इन्व्हर्टरवर चालणारा. रात्री गार हवा आत ओढायची आणि पाट्यांवरून फिरवायची, म्हणजे दिवसा पातळ झालेलं मीठ पहाटेपर्यंत पुन्हा थिजेल आणि दुसऱ्या दिवसाला तयार होईल. पंख्याच्या वेळा भटूभाऊंनी स्वतः मोबाइलवरून लावून घेतल्या. एक जादा पाटी मी खाटेजवळच्या भिंतीवर खुंटीला टांगली, मीठ थिजलं की नाही ते बघता यावं म्हणून.

आणि निघताना अक्कांना उभं करून बजावलं. माझा आवाज अशा वेळी जरा चढतो. "अक्का, खिडकी उघडायची नाही. गरम वारा आला की सगळं मुसळ केरात. एवढीशी फट राहता कामा नये." अक्कांनी दोनदा मान हलवली.

ठरलं असं की भटूभाऊ रोज दर तासाला खोलीतल्या तापमानाचा काटा बघतील आणि मला आवाजी निरोप पाठवतील. पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून माझ्या फोनवर त्यांचा आवाज येऊ लागला. "बारा वाजनात. एकोनतीस." "दोन वाजनात. तीस." बाहेर चाळीस होतं. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी मुद्दाम फोन मोठा करून ऐकवायचे.

पाचव्या दिवशी दोन वाजता आलं, बत्तीस. सहाव्या दिवशी चौतीस. सातव्या दिवशी सकाळी सातचाच निरोप आला, "सात वाजनात. तेहतीस," आणि आवाज ओढलेला होता. दुपारी त्यांना ताप चढला. संध्याकाळी मंगलाबाईंचा नाशिकहून फोन. त्या चिडल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. "ताई, तुम्ही प्रयत्न केला. सोमवारी जीप पाठवते," एवढंच म्हणाल्या.

मी चिडले. पण कुणावर, तर पाट्या पाठवणाऱ्या माणसावर. त्याला फोन करून म्हटलं, तुझं मीठ खोटं आहे, भेसळ आहे, पाच दिवसांत मेलं. तो बिचारा शांतपणे म्हणाला, "मॅडम, रात्री थिजतं का ते बघितलं का?" मी म्हटलं, पंखा लावलाय, खिडक्या आहेत, थिजेल नाही तर काय करेल? आणि फोन आपटला.

मग निरोप पुन्हा ऐकत बसले. ऐकता ऐकता लक्षात आलं की रात्री नऊनंतर सकाळी सातपर्यंत एकही निरोप नाही, कुठल्याच दिवशी. मी धरून चालले होते की माणूस झोपत असेल. भटूभाऊंना फोन लावला तर म्हणाले, "माले तीन दिन द्या, ताई. जीप सोमवारनी सांगेल शे." नऊनंतरचं विचारायचं मात्र माझ्याकडून राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून साडेपाचला मी पारोळ्यात पोचले. तेवढाच वेळ आमच्याकडे एप्रिलमध्ये गार असतो. गल्लीत वारा सुटला होता, अंगावर शाल घ्यावीशी वाटावी असा. आणि भटूभाऊंच्या दाराला बाहेरून कुलूप. दोन्ही खिडक्या बंद, माझं ते देखणं रबर घट्ट बसलेलं. मी हाका मारल्या तर आवाज वरून आला, गच्चीवरून.

खानदेशात उन्हाळ्यात माणसं गच्चीवर झोपतात. मी या मातीत जन्मले, मी स्वतः लग्न होईपर्यंत गच्चीवर झोपले, आणि मला हे सुचलं नाही. रोज रात्री जेवणं झाली की गल्लीतले चौघे येऊन भटूभाऊंना खाटेसकट वर नेत होते. सात वर्षांनी त्यांना स्वतःची गच्ची मिळाली होती. त्यांनी मला ते सांगितलंही नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे असं त्यांना वाटलं. पंखा आपोआप सुरू होतो, खाली सगळं ठीक चाललं असेल, अशी त्यांची समजूत.

अक्का किल्ल्या घेऊन खाली आल्या. दार उघडलं आणि खोलीतली कोंडलेली गरम हवा तोंडावर आली. पंखा बंद होता. अक्का रोज वर जाताना मेन स्विच पाडायच्या. घर एकटं सोडायचं तर वीज चालू ठेवायची नाही, ही त्यांची जन्माची सवय. मी खुंटीवरची पाटी हलवली, आत मीठ पाण्यासारखं डुचमळलं. इतक्या रात्रींत ते एकदाही थिजलं नव्हतं, पहिले चार दिवस निघाले ते मूळच्या घट्ट मिठावर. जुन्या पत्र्याच्या खिडकीला चार फटी तरी होत्या, तिने रात्री थोडी हवा सोडली असती. माझ्या खिडकीने तेवढीही सोडली नाही. खोलीचा माठ करायला निघाले होते आणि थर्मास करून बसले होते.

"अक्का, रात्री खिडक्या बंद?" मी विचारलं. आवाज पुन्हा चढलाच.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "रातले आठे कोन ऱ्हास? बठ्ठा गच्चीवर. आन बंद कराले तुम्हीच सांगं व्हतं. उघाडाले कोठे सांगं?"

खरंच सांगितलं नव्हतं. दिवसा बंद, रात्री उघड्या, हे माझ्या डोक्यात इतकं मुरलेलं होतं की अर्धंच तोंडातून बाहेर पडलं होतं, आणि जे पडलं ते म्हातारीने अक्षरशः पाळलं. त्या पाट्यावाल्याला मी तिथूनच फोन करून माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, तुम्ही पहिल्या नाहीत.

उपाय दोन मिनिटांचा होता, अडचण वेगळीच होती. रात्री घराच्या खिडक्या उघड्या टाकून सगळे गच्चीवर? अक्कांना ते पटेना. गज आहेत म्हटलं, तरी पटेना. गजातून काठी घालून कपडे ओढतात, मांजर येतं, साप येतो. भटूभाऊ वरून म्हणाले, मी खालीच झोपतो. अक्कांनी मान वर करून बघितलंही नाही. सात वर्षांनी गच्चीवर गेलेल्या पोराला त्या खाली आणणार नव्हत्या.

"मी निजसू खाले," त्या म्हणाल्या. "चोर उना ते माले देखीसन पळी जाई."

त्या रात्रीपासून सत्तरीच्या अक्का एकट्या खाली झोपू लागल्या. वर भटूभाऊंची कूस बदलायला गल्लीतल्या त्या चौघांपैकी एकेक जण पाळीने झोपू लागला. मी खिडक्यांना बारीक जाळी लावून दिली, मेन स्विचवर लाल पट्टी चिकटवली, आणि पुढचा सगळा कारभार त्यांनी माझ्या हातून काढून घेतला. रात्री भटूभाऊंना वर नेलं की दोन्ही खिडक्या सताड उघडायच्या. पहाटे उठायचं. शेजारच्या घराच्या पाण्याच्या टाकीला पहिलं ऊन लागलं की खिडक्या बंद, झडपा बंद. घड्याळ त्यांना वाचता येत नाही, टाकी वाचता येते. मी टाइमर लावून जे केलं असतं त्यापेक्षा हे सरस होतं, कारण दिवस मोठा होत गेला तसं ऊन टाकीवर लवकर येत गेलं आणि अक्काही लवकर उठत गेल्या.

त्यांची दुसरी युक्ती मी आता सगळ्या गिऱ्हाइकांना शिकवते. खुंटीवरच्या पाटीला त्या सकाळी बोटाच्या मागच्या बाजूने टिचकी मारायच्या, आपण बाजारात माठ घेताना मारतो तशी. मीठ थिजलेलं असलं की टक् असा कोरडा आवाज येतो, पातळ असलं की दबका. पहिल्या सकाळी त्यांनी सांगितलं, "कच्चं शे." दुसऱ्या सकाळी, "निम्मं शे." तिसऱ्या सकाळी मी फोनवर होते, आणि त्यांनी फोन पाटीजवळ धरून मला टिचकीच ऐकवली. टक्. तो रविवार होता. दुपारी दोनचा निरोप आला, "दोन वाजनात. तीस." बाहेर बेचाळीस. भटूभाऊंनी जीप स्वतः फोन करून बंद केली.

मला विचाराल तर या कामातली हुशारी माझी नव्हे आणि मिठाचीही नव्हे. मीठ कुठेही मिळतं. दिवसातून दोनदा वेळेवर उठून दोन खिडक्या हलवणारं माणूस मिळत नाही. मोठमोठ्या बंगल्यांत मी हेच सगळं लावलं आणि तिथे रात्री खिडक्या उघडायला कुणाला आठवण राहत नाही म्हणून ते मीठ वर्षभर पातळच असतं. अक्का एकही रात्र चुकल्या नाहीत. गच्चीवरचा वारा सोडून त्या खाली झोपल्या आणि त्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, खाली पण आता वारा येतो की.

आखाजी आली. बत्तीस वर्षांत मी आखाजीला कधी घरी नव्हते, कारण ऐन हंगाम. यंदा वहिनीने हट्टाने जेवायला बसवलं. खापरावरचे मांडे, आमरस. मंगलाबाई आदल्या दिवशी बसने पारोळ्याला पोचल्याचं मला भटूभाऊंनी कळवलं होतं. सकाळचे निरोप नियमित आले. "अकरा वाजनात. एकोनतीस." बाराचा आला. मग एकचा आला नाही. मी म्हटलं, जेवत असतील. दोनचा आला नाही. त्या दिवशी धुळ्यात पंचेचाळीस होतं आणि वीज साडेबारालाच गेली होती. मी फोन लावला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. वाडग्यातला रस तसाच ठेवून मी गाडी काढली. हायवेवर डांबर चकाकत होतं आणि मला राहून राहून त्या सातव्या दिवसाचा त्यांचा ओढलेला आवाज ऐकू येत होता. म्हटलं, मी या माणसाला त्याच्या सुखाच्या नाशिकहून इथे अडकवून ठेवला. काही झालं असेल तर ते माझ्यामुळे.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कडुनिंबाला झोका बांधलेला होता, रिकामा. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं.

आत अंधार होता आणि गारवा होता, जसा जुन्या देवळाच्या गाभाऱ्यात असतो. डोळे सरावले तशी खाट दिसली. भटूभाऊ माझ्याकडे बघत होते, ठणठणीत. त्यांनी बोटं न वळणारा हात जेमतेम ओठांपर्यंत नेला.

"हळू, ताई," ते कुजबुजले. "बारा वाजाले निजनी. आजून उठनी नही."

खाटेच्या शेजारी जमिनीवर, चटईसुद्धा न घेता, गार फरशीवर मंगलाबाई झोपल्या होत्या. हात डोक्याखाली, पाय पसरलेले, हातावरची मेंदी वाळून तिचे कण फरशीवर पडलेले. घोरत होत्या. अक्का उंबऱ्याशी बसून लेकीकडे बघत होत्या, आणि त्यांनी मला बघून नुसती सरकून जागा दिली.

"निरोप का नाही पाठवला?" मीही कुजबुजतच विचारलं.

"कसा बोलू? उठी जाती ती," भटूभाऊ म्हणाले. फोन त्यांनी अक्कांना सांगून उशीखाली दाबून ठेवला होता.

सात वर्षं जिने दर दोन तासांनी उठून त्यांची कूस बदलली तिची झोप ते राखत बसले होते. मी भिंतीवरचा काटा बघितला. तीस. पिशवीतलं माझं मोजायचं यंत्र बटण दाबलं की वाजतं, म्हणून ते मी काढलंच नाही. अक्कांच्या शेजारी बसले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदराला पुसलं. अक्कांनी एक सांजोरी माझ्या हातात ठेवली.

साडेचारच्या सुमाराला मंगलाबाईंना जाग आली. मला बघून त्या गडबडीने उठून बसल्या, पदर सारखा केला. "अगं बाई, घरात पाहुण्या आल्या आणि मला कुणी उठवलं नाही? चहा तरी टाकते."

"आठे पाव्हनी तू शे," भटूभाऊ म्हणाले. "निज."

मंगलाबाईंनी आईकडे बघितलं, भावाकडे बघितलं, आणि परत फरशीवर आडव्या झाल्या.